ग्राहक कंपनीची हरित अट, खर्च मात्र आमच्या माथी

भोसरीकर: एमआयडीसीत आमचं झिंक प्लेटिंगचं, म्हणजे लोखंडी भागांवर जस्ताचा मुलामा देण्याचं छोटं युनिट आहे. चाकणच्या एका मोठ्या कंपनीला ब्रॅकेट करून देतो. आता मुलाम्यावरच्या गंजरोधक थरासाठी विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियम बंद करून त्याऐवजी कमी घातक ट्रायव्हॅलंट क्रोमियम वापरा म्हणतात, शिवाय वीज, पाणी, ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) गाळ यांचा महिनावार हिशोब द्या. बदल मला मनापासून पटतो. हातमोजे घालूनही कामावरच्या पोरांच्या मनगटांवर चट्टे उठतात. पण दर वाढवून देत नाहीत, उलट दरवर्षी त्यात कपात. बोलायचं कसं?

अनुजा_ऑडिट: शेअर बाजाराची नियामक सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय. तुमच्या ग्राहकाला तुमची आकडेवारी बहुधा त्यासाठीच हवी असणार. मग फुकट का द्यायची? नगामागे केमिकलचा फरक काढा, लेखी मागा.

चिंचवडचा सीए: उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? करारात काहीही लिहिलं असलं तरी 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ.

भोसरीकर: नोंदणी आहे. पेमेंट तीन महिन्यांनी येतं. पण व्याज मागितलं की ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते, आणि तिथे ईटीपी बंदच असतो. दराचं पत्र मात्र या आठवड्यात देतोच.