“सगळे धर्म देवाकडे नेतात”: पोप फ्रान्सिस यांचं सिंगापूरचं वाक्य दृढीकरणाच्या वर्गात कसं समजवायचं?

मरोळ_धर्मशिक्षक (मूळ प्रश्न)

जय येशू. पोप फ्रान्सिस यांची सिंगापूरची क्लिप पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. १३ सप्टेंबर २०२४ ला तिथल्या कॅथलिक ज्युनियर कॉलेजात निरनिराळ्या धर्मांच्या तरुणांशी ते बोलले, त्यातला हा छोटा तुकडा. सगळे धर्म देवापर्यंत पोचण्याचे मार्ग आहेत, वेगवेगळ्या भाषांसारखे. देव एकच आहे. कोणी शीख, कोणी मुसलमान, कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, अशा आशयाचं बोलणं.

आमच्या एससीसीच्या (परिसरातल्या छोट्या ख्रिस्ती समूहाच्या) ग्रुपवर यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, पोप बोलले म्हणजे ती शिकवणच झाली, मान्य करा. दुसरा त्यांना थेट पाखंडी ठरवून मोकळा झालाय. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर पवित्र आत्म्याची मुद्रा देणाऱ्या संस्काराच्या) वर्गातली नववी-दहावीची मुलं विचारतात, “मग आमचा बाप्तिस्मा कशासाठी?” आणि इमारतीतल्या हिंदू, मुस्लिम शेजाऱ्यांनी तीच क्लिप आनंदाने आम्हाला पाठवली आहे, त्यांना दुखवायचं नाही.

पोपच्या शब्दांशी प्रामाणिक राहायचं आणि श्रद्धेशीही, तर हे वाक्य वाचायचं कसं? रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर ४० मिनिटं मिळतात.

कॅनन_वाचक, वांद्रे

अर्थाच्या मागे लागण्याआधी वाक्याचं वजन ठरवा. पोपचं प्रत्येक वाक्य एकाच वजनाचं नसतं, आणि हे ख्रिस्तसभेनेच सांगून ठेवलंय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘लुमेन जेंशियुम’ या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात (१९६४) परिच्छेद २५ काढा. पोपच्या मनात काय आहे, किती जोर आहे, हे ओळखायच्या तीन खुणा तिथे आहेत: लेखन किंवा भाषण कोणत्या प्रकारचं आहे, तीच शिकवण किती वेळा आली आहे, आणि ती कोणत्या शब्दांत मांडली आहे.

सिंगापूरच्या वाक्याला या तीन खुणा लावा. प्रसंग तरुणांच्या सर्वधर्मीय भेटीचा. तयार भाषण बाजूला ठेवून ते इटालियनमध्ये उत्स्फूर्त बोलले. धर्मसिद्धांताचा प्रश्न निकालात काढतो आहे असं कुठेही म्हणाले नाहीत. आता शेजारी १ नोव्हेंबर १९५० ठेवा. त्या दिवशी पोप पायस बारावे यांनी मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा (ती देहासह स्वर्गात घेतली गेली याचा) सिद्धांत घोषित केला, तेव्हा ‘आम्ही घोषित करतो, निश्चित करतो’ अशीच भाषा होती. ख्रिस्तसभेच्या कायद्यातल्या कॅनन ७४९ चं तिसरं कलम सांगतं, एखादी शिकवण अस्खलनीयपणे (चूक होऊच शकत नाही अशा अधिकाराने) निश्चित केली आहे हे उघड दिसत नसेल तर तशी ती धरायची नाही. पहिल्या तटाचं म्हणणं इथेच कोसळतं.

पण दुसऱ्या टोकाला जाऊ नका. “एक्स कॅथेड्रा (पोपपदाच्या पूर्ण अधिकाराने केलेली अंतिम घोषणा) नाही ना, मग सोडून द्या” हेही चूकच. मधला मोठा थर कॅनन ७५२ मध्ये आहे: अंतिम घोषणा नसली तरी पोप अधिकाराने श्रद्धा व नीतीबद्दल शिकवतात तेव्हा बुद्धीने आणि इच्छेने ती मान्य करण्याची वृत्ती हवी. देहदंडाचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये कॅटेकिझमचा (ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षण-ग्रंथाचा) देहदंडाबद्दलचा परिच्छेद २२६७ बदलला तो विमानातल्या गप्पांतून नव्हे. पोपच्या संमतीने नवा मजकूर आला, सोबत जगभरच्या बिशपांना स्पष्टीकरणाचं पत्र गेलं. न पटणाऱ्याने त्याला “पोपचं खासगी मत” म्हणणं अप्रामाणिकपणाचं आहे.

आणखी एक बारकावा, फार जण चुकतात म्हणून सांगतो. वजन नंतर वाढू शकतं. फ्रान्सिस यांच्या कुटुंबाविषयीच्या ‘अमोरिस लेतिशिया’ या पत्राच्या आठव्या प्रकरणावर ब्वेनोस आयरेस प्रदेशाच्या बिशपांनी मार्गदर्शक मुद्दे काढले आणि फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये त्यांना उत्तराचं पत्र लिहिलं. त्यावर कित्येकांनी “हे तर नुसतं पत्र” म्हणून हात झटकले. पुढे ५ जून २०१७ च्या आदेशान्वये मुद्दे आणि पत्र दोन्ही व्हॅटिकनच्या अधिकृत राजपत्रात, ‘आक्ता’मध्ये, अधिकृत शिकवण म्हणून छापले गेले. म्हणून पहिल्या दिवशीची बातमी वाचून वजन कायमचं ठरवू नये.

गोराईची_बाय

क्लिप वर्गात लावू नका, पूर्ण भाषण लावा. व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर फ्रान्सिस यांच्या पानावर जा, तिथे ‘स्पीचेस’, मग २०२४, मग सप्टेंबर. किंवा ‘ट्रॅव्हल्स’मधून त्याच वर्षीचा आशिया-ओशनिया दौरा. मराठी तिथे नाही, म्हणून इंग्रजी आणि इटालियन अशा दोन खिडक्या शेजारी उघडा. ते बोलले इटालियनमध्ये, तेव्हा शंका आली की तिथेच बघायचं. क्लिपमधलं वाक्य शोधपट्टीत टाकून शोधलंत तर बहुतेक वेळा बातम्या आणि मीम सापडतात, भाषण सापडत नाही. तारीख आणि जागा टाका.

पूर्ण भाषणात ते वाक्य कुठे येतं ते पाहा. “माझा देव तुझ्यापेक्षा मोठा” असं म्हणत भांडत बसलात तर पुढे काय होणार, या मुद्द्यात येतं. त्यांचा विषय तरुणांनी एकमेकांशी संवाद करावा हा आहे. तारण कोणामुळे मिळतं, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारलेला नाही आणि त्यांनी त्याचं उत्तरही दिलेलं नाही.

त्यानंतर त्याच माणसाचं दुसरं लेखन काढा. ही पायरी लोक हमखास गाळतात. सिंगापूरच्या चार महिने आधी, ९ मे २०२४ ला, त्यांनी ज्युबिलीचं (२०२५ च्या पवित्र वर्षाचं) फर्मान काढलं. त्याच्या पहिल्याच परिच्छेदात प्रभू येशू हा आपल्या तारणाचं ‘दार’ आहे असं आहे, योहान १० च्या आधारे. त्यांच्याच ‘इव्हांजेली गॉडियुम’ या पत्राचा (२०१३) परिच्छेद ११० म्हणतो, येशू प्रभू आहे हे उघडपणे सांगितल्याशिवाय खरं सुवार्ताकार्य होत नाही. त्याच पत्रात २५१ मध्ये आहे की खरा मोकळेपणा म्हणजे स्वतःच्या श्रद्धेत पाय घट्ट रोवून दुसऱ्याला समजून घेणं. ज्याने हे सगळं सही करून दिलंय त्याच्या एका उत्स्फूर्त वाक्याला उलटा अर्थ चिकटवायचा तर आधार तितकाच भक्कम हवा.

अबू धाबीचा दाखला तर इथे चपखल बसतो. ४ फेब्रुवारी २०१९ ला फ्रान्सिस आणि अल-अझहरचे (कैरोतल्या इस्लामी विद्यापीठाचे) ग्रँड इमाम अहमद अल-तय्यब यांनी सही केलेल्या निवेदनात धर्मांची विविधता देवाच्या इच्छेने आहे असं वाक्य होतं. लोक अस्वस्थ झाले. बिशप अथानासियस श्नायडर यांनी पोपना भेटून थेट विचारलं. ३ एप्रिलच्या बुधवारच्या सभेत फ्रान्सिस यांनी स्वतःच खुलासा केला: देवाने हे होऊ दिलं आहे, जुने धर्मपंडित याला देवाची ‘अनुज्ञात्मक इच्छा’ म्हणत. विचारणाऱ्याने शिवी दिली नाही, विचारलं. म्हणून उत्तर मिळालं.

वृत्ती कशी हवी हे कॅटेकिझमच्या २४७८ मध्ये आहे, संत इग्नेशियस यांच्याकडून घेतलेलं. दुसऱ्याच्या म्हणण्याला दोष लावण्यापेक्षा चांगला अर्थ द्यायला आधी तयार असावं. जमत नसेल तर तुला काय म्हणायचंय ते त्यालाच विचारावं. त्याचा अर्थच चुकीचा निघाला तर प्रेमाने दुरुस्त करावं. तिन्ही पायऱ्या याच क्रमाने.

माहीम_बुधवार

बायने दिलेलं सगळं बरोबर आहे, तरी मला एक धोका दिसतो. चांगला अर्थ देता देता आपण वाक्यच नाहीसं करतो. “पोप असं बोललेच नाहीत” हे मुलांना सांगू नका. मुलं यूट्यूबवर दोन मिनिटांत पाहतात आणि मग तुमच्यावरचा विश्वास जातो, पोपवरचाही. ते बोलले. वाक्य मोघम आहे आणि जसंच्या तसं एकटं घेतलं तर व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक खात्याच्या ‘दोमिनुस येसुस’ या घोषणेशी (६ ऑगस्ट २०००) त्याचा मेळ बसत नाही. त्याच्या २१ व्या परिच्छेदात स्पष्ट आहे की ख्रिस्तसभा म्हणजे इतर धर्मांच्या बरोबरीचा तारणाचा आणखी एक मार्ग, असं मानणं श्रद्धेच्या विरुद्ध आहे. हे मान्य करण्यात पोपचा अपमान नाही.

इतिहासात याहून कठीण प्रसंग येऊन गेलाय. पोप जॉन बाविसावे यांनी १ नोव्हेंबर १३३१ पासून अविन्योंच्या प्रवचनांत सांगायला सुरुवात केली की मृत संतांना अंतिम न्यायापर्यंत देवाचं प्रत्यक्ष दर्शन होत नाही. धर्मपंडितांनी उघड विरोध केला. पोपनी ते मत सिद्धांत म्हणून लादलं नाही आणि मृत्यूच्या आदल्या दिवशी, ३ डिसेंबर १३३४ ला, मागे घेतलं. १३३६ मध्ये पुढच्या पोपनी, बेनेडिक्ट बारावे यांनी, ‘बेनेदिक्तुस देउस’ या फर्मानाने प्रश्न कायमचा मिटवला. प्रवचनात पोप चुकू शकतो हे तेव्हाही माहीत होतं. विरोध करणारे ख्रिस्तसभेतच राहिले, आणि पोपही पोपच राहिले.

तेव्हा ‘पाखंडी’ म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगा. पाखंड म्हणजे नुसतं चुकीचं वाक्य नव्हे. बाप्तिस्म्यानंतर श्रद्धेचं सत्य हट्टाने नाकारणं किंवा त्यावर हट्टाने संशय घेणं, अशी कॅनन ७५१ ची व्याख्या आहे. ‘हट्टाने’ हा भाग सिद्ध केल्याशिवाय तो शब्द तोंडात घेऊ नये. आणि अडचण असेल तर कॅनन २१२ त्यांना हक्क देतं, काही वेळा कर्तव्यच सांगतं, की ती आपल्या धर्माधिकाऱ्यांना आदराने कळवावी. विकारला (आपल्या चर्चच्या प्रमुख फादरांना) पत्र लिहा, बिशपना लिहा. अभ्यासकांनी आपली अडचण माध्यमांतून दबाव आणून न मांडता अधिकाऱ्यांपुढे मांडावी, असं व्हॅटिकनचं ‘दोनुम वेरितातिस’ हे मार्गदर्शन (१९९०) सांगतं. तर मग आपण ग्रुपवर फॉरवर्ड करून काय साधणार?

मरोळ_धर्मशिक्षक

सर्वांचे आभार. पण मुलं आडवळण ऐकत नाहीत. “हिंदू मित्राचं तारण होतं की नाही? हो म्हणा नाही तर नाही म्हणा.” त्याचं काय करायचं?

गोरेगाव_ईस्ट

दोन वचनं फळ्यावर शेजारी लिहा आणि कोणतंही एक पुसू देऊ नका. तिमथ्याला पहिलं पत्र २:४, सर्वांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा. लगेच पुढचं २:५, देव आणि माणसं यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. ज्याने पहिलं पुसलं तो शेजाऱ्याला नरकात पाठवतो. ज्याने दुसरं पुसलं त्याच्याकडे बाप्तिस्म्याचं कारण उरत नाही.

मग मुलाला उत्तर द्या: होऊ शकतं, आणि झालं तर ते ख्रिस्तामुळेच. ‘लुमेन जेंशियुम’ १६ मध्ये आहे की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि कृपेच्या बळावर विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘रिदेम्प्तोरिस मिस्सियो’ या पत्रात (१९९०), परिच्छेद ५, पुढचा टप्पा सांगितला: इतर माध्यमं नाकारायची नाहीत, पण त्यांना अर्थ आणि मोल ख्रिस्ताच्याच मध्यस्थीतून येतं, त्याला समांतर म्हणून नाही. “मार्ग” शब्द यात बसवता येतो. “बरोबरीचे मार्ग” बसत नाही. मुलांना हा फरक समजतो, फक्त घाई करू नका.

बाप्तिस्म्याचा प्रश्न इथेच सुटतो. कोणाला किती कमी मिळालं तरी चालेल हे मोजायला बाप्तिस्मा नाही. पापक्षमा, ख्रिस्ताच्या शरीरात सामील होणं, ख्रिस्तशरीराच्या मेजावर जागा, आणि दृढीकरणात ज्याची मुद्रा मिळणार तो पवित्र आत्मा, हे सगळं मुलांना आधीच हातात दिलेलं आहे. शेवटची १० मिनिटं यालाच ठेवा, नाहीतर पूर्ण तास शेजाऱ्यांच्या तारणावर जातो आणि मुलांच्या स्वतःच्या संस्काराबद्दल अवाक्षर निघत नाही.

मुंबईच्या मुलांना एक दाखला जरूर द्या, तो आपल्याच शहरातला आहे. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे युखरिस्तिक काँग्रेससाठी (कॅथलिकांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यासाठी) इथे आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. ३ डिसेंबरला विविध धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली, तीच जी ही मुलं शाळेच्या प्रार्थनेत म्हणतात: असतो मा सद्गमय, तमसो मा ज्योतिर्गमय, मृत्योर्मा अमृतं गमय. आपल्या काळाचीही हीच प्रार्थना आहे असं ते म्हणाले. याच पोपनी ८ डिसेंबर १९७५ ला ‘इव्हांजेली नुन्तियांदी’ हे सुवार्ताकार्यावरचं पत्र लिहिलं. त्याच्या परिच्छेद ५३ मध्ये या धर्मांबद्दल मनापासून आदर आहे, त्यांत देववचनाची असंख्य बीजं आहेत असं आहे, आणि लगेच असंही की हा आदर म्हणजे त्यांना ख्रिस्त न सांगण्याची परवानगी नव्हे. दोन्ही गोष्टी एका माणसाच्या, एकाच परिच्छेदात. मुलांना तो परिच्छेद मोठ्याने वाचायला लावा. पानभरसुद्धा नाही.

शेजाऱ्यांचं मात्र वेगळं. त्यांनी आनंदाने पाठवलेल्या क्लिपला परिच्छेद क्रमांकांनी उत्तर देऊ नका. “पोप फ्रान्सिस यांनी आम्हाला तुमच्याशी असंच बोलायला शिकवलं” इतकं लिहिलंत तरी ते शब्दशः खरं आहे. माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला सगळ्या धर्मांचे लोक रांगेत उभे असतात, त्यांना कोणी दारात धर्मसिद्धांत विचारत नाही. कोणी पुढे स्वतःहून विचारलं, “मग तुम्ही ख्रिस्ती का?”, तर त्या दिवशी मात्र येशूचं नाव घ्यायला लाजू नका.

कॅनन_वाचक, वांद्रे

वर्गासाठी छापायचंच असेल तर दोन्ही बाजूंनी भरलेला एकच कागद पुरे: एका बाजूला ‘लुमेन जेंशियुम’ १६ आणि ‘इव्हांजेली नुन्तियांदी’ ५३, मागे ‘दोमिनुस येसुस’ २१ आणि कॅटेकिझम ८४६ ते ८४८. यातलं ८४६ एकटं छापू नका. “ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही” हे वाक्य तिथे आहे आणि त्याची मर्यादा ८४७ मध्ये आहे. मधोमध कापलं की सिंगापूरच्या क्लिपसारखाच प्रकार होतो, फक्त उलट दिशेने. आणि वर्गाआधी विकारना तो कागद दाखवा, कारण पालकांचे प्रश्न शेवटी त्यांच्याकडेच जातात.