मदत हवी आहे : १९६९ च्या कॅमॅरोसाठी अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर, दोन रो (नळ्यांच्या ओळी) की तीन?

गाडी १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो, ३५० स्मॉल ब्लॉक इंजिन (५.७ लिटर), तीन गिअरची ऑटोमॅटिक. जुना तांबे-पितळेचा रेडिएटर दोनदा डाग देऊन झाला, आता तळाशी पुन्हा झिरपतोय. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा घ्यायचं ठरवलंय.

थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) ८२ अंशांचा आहे. हायवेला काटा ९० च्या आसपास शांत असतो, पण सिग्नलला पाच मिनिटं थांबलं की १०५! म्हणजे दोष कोअरपेक्षा (रेडिएटरची नळ्यांची जाळी) हवेचा असावा असं मला वाटतं. पंखा इंजिनवर चालणारा आहे आणि श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण) आधीच्या मालकाने कुठे घालवलं देव जाणे. आधी श्राउड बसवून बघू, की दोन्ही एकदमच करू?

दुसरा घोळ रोचा. एक इंची रुंद ट्यूबचे दोन रो हे अर्ध्या इंची चार रोंच्या तोडीचे असतात, असं वाचलंय. शिवाय कोअर जाड झाला की संथ वेगात हवा आरपार जायला त्रास. मग तीन रो घेऊन सिग्नलला उलट तोटाच नाही का होणार? प्रत्यक्ष वापरलेल्यांनीच सांगा, जाहिराती मीही वाचल्यात.

गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या टाकीतलाच ठेवू की वेगळा बाहेर लावू? आणि इंजिनचा ब्लॉक लोखंडी, रेडिएटर अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे गंजाची धास्ती. साधं नळाचं पाणी बंद, एवढं कळलंय. कूलंट कोणत्या प्रकारचं भरता?