मदत हवी : नागपूरच्या इतवारीत जुनी ऐरण मिळतेय, घेऊ का?

गरम_लोखंड
लोहा ओळीजवळ एका भंगारवाल्याकडे ऐरण आहे. बाजूला १ २ १० असे आकडे आहेत. तो म्हणतो विलायती माल, सव्वाशे किलो, भाव किलोवर. उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार म्हणे. पटकन सांगा.

कानस
फोटो कुठाय? आकडे ठोकलेले की उठावाचे? कडा कशा आहेत? शिंगाखाली, कंबरेत चौकोनी खोबण दिसते का?
आकडे ठोकलेले असतील तर ते इंग्रजी हंड्रेडवेट, म्हणजे जुन्या मापातलं वजन. पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ चा, तिसरा सुटे पौंड. ११२ + ५६ + १० = १७८ पौंड, म्हणजे ८१ किलोही भरत नाही. या पद्धतीत मधला आकडा ३ च्या वर जात नाही, शेवटचा २७ च्या वर. तुमचे बसतात. सव्वाशेचे पैसे काहून देता? काट्यावर चढवा.

ठणठण
एवढं कशाला? हातोडी मारा. खणखणली तर उचला, भद्द वाजली तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड समजा.

कानस
फिशरच्या अमेरिकन ऐरणीचं अंग बिडाचं, वर पोलादी पाटा. ती खणखणत नाही, तरी कामाला उत्तम. उलट आगीत सापडलेली घडीव ऐरण छान वाजते, पण तोंडाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेलं असतं. आवाज फक्त पाटा कुठे सुटलाय ते सांगतो.
खरी परीक्षा गोळीची. २५ मिमीची बेअरिंगची गोळी २५० मिमीवरून सोडा, शेजारी पट्टी उभी धरा. १७५ च्या वर उसळली तर तोंड कडक, १२५ च्या खाली असेल तर नाद सोडा. आधी गंज पुसा, नाहीतर उसळी कमी दिसते. शिंगाच्या मागची खालची पायरी मोजू नका, ती मुद्दाम नरम ठेवतात, छिन्नी बोथट होऊ नये म्हणून.

ओंडका
बाभळीचा ओंडका घ्या. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मुठीची हाडं ऐरणीच्या तोंडाला टेकली पाहिजेत. ऐरणीच्या कंबरेला साखळी गुंडाळा, आवाज कमी होतो, शेजारी भांडणार नाहीत.

ठणठण
ओंडका नंतर पाहू नं भाऊ, ऐरण तर येऊ दे.

वर्धारोड
चाकूच करायचे असतील तर रेल्वे रुळाचा तुकडा उभा गाडा. घाव सरळ खाली जातो, पैसे वाचतात.

कानस
चाकू करायचेत हे त्यांनी कुठे लिहिलंय? आणि रूळ वापरायचा तर विकत घेतलेला, पावती असलेला. लाइनीवरचा उचलाल तर आरपीएफवाले दारात.

गरम_लोखंड
कोयते-विळेच करायचेत, लिहायचं राहिलं. आत्ताच जाऊन आलो. आकडे ठोकलेले, खोबण आहे. खडू घासून वरून तिरका टॉर्च मारला तर ‘सॉलिड रॉट’ (म्हणजे अख्खी घडीव) अशी इंग्रजी अक्षरं गोल दिसली. गोळी मध्ये १८५, शिंगाकडे १८०, पण मागे चौकोनी भोकापाशी ११०, आणि तिथे आवाज फुटका. कडा दोन ठिकाणी उडाल्यात. भंगारवाला म्हणतो शेपर मारून (यंत्रावर तोंड तासून) आरशासारखी करून देतो.

कानस
अजिबात नको. पाटा साधारण अर्ध्या इंचाचा. वरची आणि खालची बाजू समांतर असेलच असं नाही, त्यामुळे शेपर एका टोकाला पाटाच खाऊन टाकतो. पीटर राइट या जुन्या इंग्रज कारखानदाराच्या ऐरणीवर असा गोल शिक्का असतो; वर नाव निघतंय का बघा.
मागे पाटा सुटलाय. तेवढा भाग भोकात छिन्नी बसवायला चालेल, पण तिथे घण घालू नका, भेग पुढे सरकते. मधला भाग कोयत्यांना पुष्कळ झाला. ८१ किलोचा भंगार भाव धरा, वर थोडं द्या.

ठणठण
उडालेल्या कडा वेल्डिंगने भरून घ्या की.

कानस
थंड ऐरणीवर रॉड ओढला की जोडाशेजारी तडा. आधी सगळी २०० अंशांपर्यंत तापवायची, मग भरायचं, मग राखेत झाकून हळू थंड करायची. त्यापेक्षा ग्राइंडरने कडेला ३-४ मिमी गोलाई द्या. कोयत्याला तीक्ष्ण कड लागतच नाही, उलट लोखंडावर चीर पडते.

गरम_लोखंड
८१ च्या हिशोबाने बोललो. तो नव्वद किलोवर आलाय, काट्यावर चढवायला तयार नाही.

कानस
मग काटा तुम्ही न्या.

वर्धारोड
त्याच्याकडे लोहारी व्हाइस दिसला का, पाय जमिनीपर्यंत असलेला?