वडिलांच्या नावावरची परवान्याची बारा बोअर: वारसांनी पुढे काय करायचे? (मदत हवी आहे)

दुनळी_वारस

नमस्कार. शस्त्र परवान्यातल्या जाणकारांची मदत हवी आहे. वडील महिन्यापूर्वी वारले. त्यांच्या नावावर स्वसंरक्षणासाठी परवाना असलेली बारा बोअरची दुनळी आहे. जुन्या बनावटीची, घोडे बाहेर असलेली. सोबत १४ काडतुसे आहेत, त्यातली काही कागदी खोळीची. परवान्याची मुदत संपायला अजून दोन वर्षे आहेत. बंदूक जुन्नर तालुक्यातल्या मळ्यात कपाटात कुलूपबंद आहे, आई तिथेच राहते. मी पुणे शहरात राहतो, धाकटा भाऊ परदेशात आहे. वारस आम्ही तिघेच.

मुदत शिल्लक आहे तोवर बंदूक घरात राहिली तर चालेल, असे गावात सगळे सांगतात. हे खरे आहे का? नावावर करायची तर आईच्या करावी की माझ्या, आणि अर्ज कुठे करायचा? परिसरात बिबट्या आहे, रात्री विहिरीवरच्या मोटारी चोरीला जातात, म्हणून आईला बंदूक जवळ हवी आहे. अशा प्रसंगी ती वापरणे कायद्यात कितपत बसते, हेही कळले तर बरे.

जुनी_फाईल

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी, कारण त्यात वेळ घालवणे परवडणारे नाही. मुदत शिल्लक असली तरी चालत नाही. परवाना व्यक्तीला मिळतो, बंदुकीला नाही आणि घराला तर नाहीच. परवानाधारक गेला की परवाना संपला, पुस्तिकेवर पुढची तारीख काहीही असो. आज ते शस्त्र तुमच्या आईच्या ताब्यात विनापरवाना आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ चा तो भंग होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५(१ब) खाली अशा ताब्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. दुःखात असलेल्या घरावर कोणी लगेच गुन्हा नोंदवत नाही हे खरे, पण एखाद्या भावकीतल्या माणसाने तक्रार केली की 'आम्हाला माहीत नव्हते' या उत्तराचा उपयोग नसतो.

मार्ग त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे शस्त्र जमा करायचे. जमा केले म्हणजे गमावले असे नाही. ठरलेल्या मुदतीत वारस ते परत घेऊ शकतो (अर्थात परवाना मिळाल्यावर) किंवा विकू शकतो. मुदत उलटून कोणी फिरकलेच नाही, तर मात्र जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. म्हणून जमा करून विसरू नका.

बंदूक स्वतः उचलून मोटारसायकलवरून नेऊ नका. तुमच्याकडेही परवाना नाही. आधी ठाणे अंमलदाराला मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, त्यावर पोच घ्या आणि शस्त्र घेऊन जायला कर्मचारी पाठवण्याची विनंती करा. जमा पावतीवर बनावट, बोअर, नळीवरचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची स्थिती लिहून घ्या. 'एक बंदूक जमा' एवढीच पावती मिळाली तर वर्षभराने दस्त्याला तडा कधी गेला यावर वाद होतो. मूळ परवाना पुस्तिका दिलीत तर तिचीही नोंद पावतीवर हवी, आणि देण्याआधी तिच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवा.

आता नावावर करणे. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये मयत धारकाच्या कायदेशीर वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. पण तो नवा परवानाच असतो. अर्ज नमुना ए-१ मध्ये, पोलीस पडताळणी पूर्ण, वय २१ पूर्ण, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला, सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्र, सगळे लागते. त्याखेरीज मृत्यू दाखला, वारस असल्याचा पुरावा, जमा पावती आणि बाकीच्या वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रे. परदेशातल्या भावाचे प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून मागवा. प्रकरण बहुतेक वेळा याच एका कागदापाशी अडकते, तेव्हा ते काम आजच सुरू करा.

अर्ज कुठे, हे अर्जदार कुठे राहतो त्यावर ठरते, बंदूक कुठे आहे त्यावर नाही. आईच्या नावाने केला तर पुणे जिल्हाधिकारी कार्यालयाची गृह शाखा. तुमच्या नावाने केला तर पुणे पोलीस आयुक्तालय. एक गोष्ट नीट समजून घ्या: परवाना तुमच्या नावावर आणि बंदूक आईजवळ मळ्यात, ही व्यवस्था बेकायदा आहे. गावोगाव हेच चालते आणि दोघेही अडकतात. बंदूक मळ्यात हवी असेल तर परवाना आईच्याच नावाने हवा.

ठासणी

कायद्याचे वर आलेच आहे, मी वस्तूबद्दल लिहितो. पोलीस घेऊन जाण्याआधी ती रिकामी आहे याची खात्री व्हायला हवी. जाणकार परवानाधारक हजर असेल तर त्याला करू द्या, नसेल तर आलेल्या कर्मचाऱ्याला सांगा. नळीचे तोंड मोकळ्या जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर, वरची कळ उजवीकडे दाबली की नळ्या खाली झुकतात. दोन्ही चेंबर (नळीच्या बुडाशी काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. घोडे ओढून रिकामे आपटून पाहू नका. जुन्या बंदुकीत त्याने पिना तुटतात, आणि बंदूक रिकामी नसेल तर काय होईल ते सांगायला नको.

कागदी खोळीची काडतुसे कोणी उडवू नयेत. दमट हवेत कागद फुगतो, काडतूस चेंबरमध्ये अडकते. दारू ओलसर झालेली असेल तर गोळी उशिरा सुटते, किंवा अर्धवट सुटून डाट (दारू आणि छर्ऱ्यांमधली चकती) नळीतच राहतो आणि पुढच्या बाराला नळी फुटते. चाप ओढूनही बार झाला नाही तर तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे असते. लोक लगेच बंदूक उघडून बघतात, तिथेच अपघात होतो. ही १४ काडतुसे जमा करून परत मागूच नका, परवाना मिळाल्यावर नवी घ्या.

आणखी एक, हे फार कमी जण तपासतात. जुन्या दुनळींचे चेंबर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचे असते, आताची काडतुसे सर्रास ७० ची. ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसते, कारण ७० ही बार झाल्यावर खोळ उलगडल्यानंतरची लांबी आहे. बार होताना उलगडायला जागा मिळत नाही, तोंड आवळले जाते आणि दाब वाढतो. चेंबरची लांबी नळ्यांच्या बुडाला, खालच्या सपाट बाजूवर कोरलेली असते. नळीवर पिळाची नक्षी दिसत असेल तर ती डमास्कस नळी (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेली जुनी नळी) असू शकते. तशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. शस्त्रकारागिराने तपासून लेखी दिल्याशिवाय तिच्यातून आजचे काडतूस उडवू नये.

ठाण्यात वर्षभर पडणार असेल तर नळ्यांना आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात द्यायला सांगा आणि चामड्याच्या खोळीत ठेवू देऊ नका. चामडे ओलावा धरते, सहा महिन्यांत गंज धरलाच म्हणून समजा. खर्च झेपत असेल तर ठाण्यापेक्षा विक्रेत्याकडे जमा करणे बरे. तिथे निगा राहते.

दुनळी_वारस

खूप आभार. लेखी अर्ज आजच देतो. वापराबद्दल कोणी सांगेल का? आणि कायदा बदलला, आता एका घरात एकच बंदूक ठेवता येते असेही ऐकले.

कलम_पान

ऐकीव गोष्ट चुकीची आहे. मर्यादा घरावर नाही, व्यक्तीवर आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडची कमाल बंदुकांची संख्या तीनवरून दोन झाली, वारसाहक्काने आलेली धरून. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनची पाच वर्षे झाली. तुमच्या घरी दुसरे शस्त्र नाही, त्यामुळे हा मुद्दा तुम्हाला लागू होत नाही.

वापराविषयी. परवाना म्हणजे शस्त्र जवळ बाळगण्याची मुभा. ते कोणावर चालवण्याचा हक्क परवान्यातून मिळत नाही. तो हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे (१ जुलै २०२४ पूर्वी दंड संहितेची ९६ ते १०६) आणि तो हातात काठी असलेल्यालाही तितकाच आहे. मोटारचोराचे उदाहरण घ्या. मालमत्तेच्या बचावात जीव घेण्यापर्यंत हक्क कधी जातो, ते कलम ४१ सांगते: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा अशी चोरी वा गृहअतिक्रमण ज्यात प्रतिकार केला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती आहे. उघड्या विहिरीवरची मोटार सोडवून नेणारा माणूस यात बसत नाही. तो पळत असताना पाठीत छर्रे घातले तर बचाव जवळजवळ संपलाच, कारण कलम ३७ प्रमाणे गरजेपेक्षा अधिक इजा करण्याचा हक्क नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच उरत नाही. तोच माणूस कोयता घेऊन दार फोडून आत आला तर चित्र पूर्ण बदलते, तिथे शरीराच्या बचावाचे कलम ३८ लागू होते. हक्क होता पण सद्भावनेने मर्यादा ओलांडली गेली, तर कलम १०१ चा दुसरा अपवाद खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर आणू शकतो. म्हणजे तरीही तुरुंग.

दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही तत्त्वे एकत्र मांडली आहेत. जीव धोक्यात असलेल्या माणसाने तराजू घेऊन बळ मोजावे अशी अपेक्षा न्यायालय करत नाही, पण सूड आणि बचाव यांत फरक करते.

हवेत बार हा सर्वात मोठा गैरसमज. बेदरकारपणे किंवा आनंदाच्या भरात केलेला असा गोळीबार, ज्याने कोणाच्या जिवाला धोका होईल, त्यासाठी आता शस्त्र अधिनियमाच्या कलम २५(९) मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. परवानाही रद्द होऊ शकतो.

बिबट्याचे वेगळे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११(२) नुसार स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने वन्यप्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. शेळी, कुत्रे, वासरू वाचवताना मात्र हे संरक्षण नाही. बिबट्या अनुसूची १ मधला प्राणी आहे आणि मेलेला प्राणी सरकारची मालमत्ता असतो. त्याला हलवू नका, वनविभागाला लगेच कळवा. खरे सांगायचे तर उसात दबा धरलेल्या बिबट्यापुढे दुनळीचा उपयोग नगण्य आहे, आणि छर्ऱ्यांनी जखमी झालेला बिबट्या पूर्ण वस्तीला जास्त धोकादायक. रात्री गोठा चारही बाजूंनी व वरूनही जाळीबंद असणे, अंगणात उजेड, घराभोवती वीस-पंचवीस फूट ऊस किंवा गवत नसणे यांनी आईंचा जीव जास्त सुरक्षित राहील.

मळेकरी_८७

कलम_पान, तुमचा शेवटचा सूर पटला नाही. पोलीस ठाणे वीस किलोमीटरवर असलेल्या वस्तीवरच्या माणसाला 'उजेड लावा' सांगणे सोपे आहे. ११२ ला फोन केला तरी गाडी यायला वेळ लागतोच. कायद्यानेही हे ओळखले आहे: शस्त्र अधिनियमाच्या कलम १३(३) प्रमाणे किमान २० इंच लांबीच्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी संरक्षणाच्या कारणाने नागरिकाने मागितलेला परवाना द्यायचा असतो, अर्थात कलम १४ ची नकाराची कारणे नसतील तर. प्रत्यक्षात 'जिवाला धोका असल्याचा पुरावा नाही' असा एका ओळीचा नकार हातात पडतो. दरोडा पडल्यावर पुरावा आणायचा का?

कलम_पान

नकाराबद्दल तुमचे म्हणणे रास्त आहे. कारणे लेखी देणे बंधनकारक आहे आणि मोघम नकाराविरुद्ध कलम १८ खाली अपील करावेच. मुदत ३० दिवस. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाच्या गृह विभागाकडे. पण आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, परवानगीच आहे, आणि नोंदणी सैल करावी असे मला वाटत नाही. प्रत्येक नळीमागे एक नाव आणि एक पत्ता आहे, म्हणूनच वारसांना आज जमा पावतीचा त्रास होतो आणि म्हणूनच ती बंदूक उद्या भलत्याच्या हाती जात नाही. वस्तीवरच्या माणसाला परवाना मिळावा, या मताचा मीही आहे. फक्त एकट्या वृद्ध बाईने रात्री कुलूप उघडून, काडतुसे भरून, अंधारात नेम धरायचा, यावर तिची सुरक्षा उभी करू नका.

जुनी_फाईल

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी. धारक हयात असतानाच हे (बंदूक वारसाच्या नावावर करणे) करता येते. त्यांचे वय ७० झाले असेल किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षे झाली असतील, यांतले जे आधी होईल तेव्हा, ते वारसाचे नाव सुचवू शकतात. नियम तोच, २५. तेव्हा वारसांच्या सह्या आणि धारकाचा जबाब सहज मिळतो.

दुनळी_वारस

आईशी बोललो. ती म्हणते, आधी जमा करू, मग ठरवू. एक अडचण दिसली: परवान्यावर लिहिलेल्या क्रमांकातला शेवटचा आकडा नळीवरच्या आकड्याशी जुळत नाही. परवान्यावर १, नळीवर ७. आणि विकायचे ठरले तर पैसे कोणाचे?

जुनी_फाईल

१ आणि ७ ची गल्लत नेहमीची आहे, नूतनीकरणाच्या वेळी हाताने उतरवताना होते. पण हा फरक लपवून जमा करू नका. जमा अर्जातच लिहा: 'परवान्यावरील क्रमांक अमुक, शस्त्रावरील क्रमांक तमुक, प्रत्यक्ष पडताळणी व्हावी.' पावतीवर नळीवरचा क्रमांकच यायला हवा. मग वडिलांच्या जुन्या पुस्तिका आणि खरेदीची पावती शोधा, कुठल्या नूतनीकरणात आकडा बदलला ते सापडेल. त्या पानाची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज गृह शाखेत द्या. वडिलांचा यूआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) निघालेला असेल तर संगणकावरची नोंदही पाहायला सांगा, कारण चूक तिथेही उतरलेली असते. दुरुस्ती झाल्याशिवाय वारसाचा अर्ज भरू नका, पडताळणीत तो परत येतो.

विक्री गृह शाखेच्या परवानगीने, परवानाधारक विक्रेत्याला किंवा खरेदीची मुभा असलेल्या परवानाधारकालाच. पैसे तिन्ही वारसांचे. परवाना एकाच्या नावावर होतो, पण वस्तूची किंमत वडिलांच्या बाकी मालमत्तेसारखीच वाटली जाते. भावाच्या प्रतिज्ञापत्रात ना हरकतीबरोबर विक्रीची संमतीही लिहून घ्या, म्हणजे दूतावासात दुसरी खेप पडणार नाही.