जुनी स्प्लेंडर: 10डब्ल्यू-30 सोडून 20डब्ल्यू-50 इंजिन ऑइल टाकावं का?

घाटवाट:
2005 ची स्प्लेंडर प्लस, 82 हजार किमी. इंजिन एकदाही उघडलेलं नाही. सकाळी पहिल्या किकला निळसर धूर येतो, मिनिटभरात जातो. हेडकडून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, टायमिंग चेनचा करकर आवाज आहे. आजवर 10डब्ल्यू-30 टाकलं. आता गॅरेजमध्ये म्हणतात, इंजिन जुनं झालं, 20डब्ल्यू-50 टाका, धूर आणि आवाज दोन्ही जातील. घरात कारसाठी आणलेलं 20डब्ल्यू-50 शिल्लक आहे, ते चालेल का? रोजचं जाणं-येणं 40 किमी, निम्मं चढणीचं.

पाना 17:
कारचं ऑइल नको. स्प्लेंडरमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिन्हींना एकच ऑइल, क्लच प्लेटा त्यातच बुडालेल्या. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतील तर प्लेटा घसरतात: चढावर रेस वाढते, गाडी मात्र ओढत नाही. 20डब्ल्यू-50 मध्ये अशी रसायनं सहसा नसतात हे खरं, पण डब्यावर जासोचा (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) उल्लेखच नसेल तर भरवसा कशावर ठेवायचा? 'जासो एमए' किंवा 'एमए2' लिहिलेलंच घ्या. 'एमबी' गिअरलेस स्कूटरसाठी असतं, तिथे क्लच कोरडा असतो.

आता ग्रेड. 10डब्ल्यू-30 मधला दुसरा आकडा म्हणजे 100 अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते. 30 ग्रेड 9.3 ते 12.5 सेंटीस्टोक (दाटपणाचं माप), 50 ग्रेड 16.3 ते 21.9. म्हणजे पावणेदोन पट दाट. या गाडीला कंपनीने 10डब्ल्यू-30 सांगितलंय, बेअरिंगमधली फट आणि पंप त्याच हिशोबाचे. दाट ऑइल सकाळी हेडपर्यंत उशिरा पोचतं, आणि कॅम व रॉकर (हेडमधले वॉल्व्ह उघडणारे भाग) झिजतात ते नेमके त्याच वेळात. मायलेज उतरतं ते वेगळंच.

वंगण:
ग्रेड ठरवण्याआधी धूर कुठून येतो ते बघा. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या किकला धूर येऊन थांबतो, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की येतो: वॉल्व्ह सील (वॉल्व्हपाशी ऑइल अडवणारे रबर) कडक झालेत. चढावर रेस देताना सतत येतो: पिस्टन रिंगा किंवा बोअर. तुमचं वर्णन सीलकडे बोट दाखवतं. सील स्वस्त असतात, पण हेड उतरवावं लागतं. दाट ऑइलने गळती थोडी मंदावेल, कडक झालेलं रबर काही मऊ होणार नाही.

आवाजाचंही तसंच. चेन ताणली असेल किंवा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) थकला असेल तर दाट ऑइल आवाज फक्त दाबतं. चेन आत घासतच राहते आणि कळायचं बंद होतं, मला तर हे जास्त धोक्याचं वाटतं.

घाटवाट:
ऑइल थोडं कमी होतं. किती होतं ते कसं मोजू?

वंगण:
गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून नुसती आत टेकवा, आटे फिरवू नका. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा. हजार किमी झाले की पुन्हा त्या खुणेपर्यंत आणायला किती मिली लागलं ते औषधाच्या मापाने मोजा. 100 मिलीच्या आत असेल तर 10डब्ल्यू-30 चालू ठेवा. 100 ते 200 असेल तर सीलचं काम होईपर्यंत जासो एमए असलेलं 20डब्ल्यू-40 टाकायला माझी हरकत नाही, आपल्याकडच्या हवेत ते चालून जातं. त्याच्या वर असेल तर ग्रेड बदलण्यात वेळ घालवू नका, इंजिन उघडा. एकूण ऑइलच 900 मिली. त्यातलं 300 गेलं आणि लक्ष गेलं नाही, तर घाटात आधी हेड कोरडं पडतं.

पाना 17:
बदलताना इंजिन कोमट हवं. 17 चा पाना लावून खालचा ड्रेन नट काढा, दहा मिनिटं निथळू द्या. ॲल्युमिनियमचा वायसर नवा घाला. नट बोटांनी पूर्ण आत घेऊन मगच पाना लावा आणि बेताने आवळा. केसिंगचे आटे गेले की बुश मारण्याचं (नवे आटे बसवण्याचं) काम निघतं. 900 मिली भरा. लिटरची बाटली असेल तर उरलेलं टॉप-अपसाठी ठेवा.

या इंजिनात कागदी फिल्टर नाही. उजव्या कव्हरच्या आत क्रँकवर फिरणारा फिल्टर आणि खाली जाळी, एवढंच. 82 हजारांत ते कधी उघडलंय का, हे गॅरेजला विचारा. फिल्टरच्या आत काळा चिखल घट्ट बसतो. तो खरवडून रॉकेलने पुसायचा, जाळी धुवायची, कव्हरचं पॅकिंग नवं टाकायचं. तीन हजारांना ऑइल बदलत असाल तर दर चौथ्या वेळी हे करून घ्या.

रिकाम्या बाटलीला भोक पाडून मगच टाका, नाहीतर त्याच बाटलीत नकली ऑइल भरून विकलं जातं.