मदत हवी आहे : वर्षभर न वापरलेल्या वस्तू ठेवाव्यात की द्याव्यात?

नमस्कार. आम्ही लातूरला राहतो. गेल्या दिवाळीपासून मी एक वही ठेवली असून, घरातील जी वस्तू प्रत्यक्ष वापरली जाते तिच्यापुढे खूण करतो. वर्ष संपताना असे दिसले की माळ्यावरच्या ४३ भांड्यांपैकी केवळ ६ खाली उतरली होती, आणि तीही एका बारशापुरती. साड्या व चादरींचा हिशेब मांडण्याचे धाडस झाले नाही.

खरी अडचण ड्रमांची आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात घेतलेले २०० लिटरचे चार ड्रम गच्चीवर रिकामे पडून आहेत; वहीच्या नियमाने ते निरुपयोगी ठरतात, पण पावसाचा भरवसा नसलेल्या या भागात ते काढून टाकायला मन धजत नाही.

अशा प्रसंगोपात्त वस्तूंसाठी आपण किती वर्षांची मुदत धरता? शेजारच्या चार घरांत मिळून भांडी ठेवण्याची व्यवस्था कोणी केली आहे का? तसेच, पितळी पातेली पुन्हा स्वयंपाकात आणायची झाल्यास कल्हई करणारे कारागीर लातूर-उदगीर परिसरात कोठे मिळतील, हेही कृपया कळवावे.