सोसायटीच्या वार्तापत्राचा पहिला अंक
काका, कसा वाटला ते मोकळेपणाने सांगा म्हणालात म्हणून सांगतेय हं, राग नका मानू. टाकी कधी धुणार ते पान ४ च्या कोपऱ्यात आणि अध्यक्षांचं मनोगत अख्खं पहिलं पान, हे उलटं करा ना. दुसरं म्हणजे ए४ वर दोन कॉलमची पीडीएफ, मोबाईलवर झूम करून डावीकडे उजवीकडे सरकवत बसावं लागतं, आईने तर दुसऱ्याच ओळीला फोन माझ्या हातात दिला. एकच कॉलम ठेवा आणि टाइप युनिकोडमध्ये करा, त्या जुन्या फॉन्टमधलं कॉपी केलं की नुसता अक्षरांचा काला होतो. बाकी वॉचमनदादांचं भातलावणीवरचं टिपण झकास, अजून लिहायला लावा त्यांना! पुढच्या अंकाची प्रूफं मी बघते, 'सुचना' तीनदा आलंय.